१९७१चं मिग-२१ टेबलावर उतरवताना

माझा धंदा कवळ्यांचा. कॅनडा कॉर्नरजवळच्या डेंटल लॅबमध्ये दिवसभर मेण आणि अ‍ॅक्रिलिक, संध्याकाळी त्याच हत्यारांनी प्लास्टिकच्या किटमधून विमानांची छोटी मॉडेलं. अप्पा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात शीट मेटलवर होते. त्या कारखान्याला नाशकात अजूनही ‘ओझर मिग’च म्हणतात, त्यामुळे पहिलं विमान कुठलं करायचं हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही. तुम्हीही मिग-२१च्या एफएल या प्रकारापासून सुरुवात करा. आकार सुटसुटीत, भाग कमी, आणि १९७१च्या रंगात शिकण्यासारखं भरपूर.

खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. म्हणजे १/७२ प्रमाणात जेमतेम १० सेंटिमीटर, १/४८ मध्ये १५. नवख्याने १/४८ घ्यावं. पैसे जास्त जातात, पण चाकाचं दार चिमट्यातून उडून कपाटाखाली गेलं तर निदान सापडतं. खोक्यावरचं नाव नीट वाचा. एमएफ किंवा बिस या मिग-२१च्याच नंतरच्या प्रकारांच्या किटमधून एफएल होत नाही. त्यांची पाठ फुगीर असते आणि पंखांखाली शस्त्रं टांगायचे चार पायलन असतात, एफएलला दोनच. एफएलची कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण, एकसंध, पुढच्या बिजागरीवर उघडणारी. सगळ्यात जवळचं किट पीएफ या प्रकाराचं. शेपटी मात्र फोटोशी ताडून पाहा.

आता मुख्य गोष्ट. एकही भाग कापण्याआधी एकच विमान आणि एकच महिना ठरवा, आणि त्याचा फोटो टेबलासमोर चिकटवा. ही विमानं आधी उघड्या धातूच्या रंगात उडत होती. युद्धाच्या वेळी त्यांवर स्क्वाड्रनमध्येच घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे चढले, आणि एकाचा नमुना दुसऱ्याशी जुळत नव्हता. म्हणून ‘अधिकृत’ नमुना शोधत बसू नका. शस्त्रंही त्या तारखेवर ठरतात. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेलेलं विमान हवं असेल, तर पंखांखाली ५७ मिमी रॉकेटचे पॉड. १२ डिसेंबरला पाकिस्तानचं स्टारफायटर विमान पाडणारं हवं असेल, तर पोटाखाली २३ मिमी तोफेचा पॉड, कारण एफएलला अंगची तोफच नव्हती. पोटाखाली तोफ आली की तिथली इंधनाची टाकी गेली. दोन्ही लावलेली मॉडेलं मी पाहिली आहेत, दिसतातही झकास. पण चूक ती चूक.

जोडणीबद्दल थोडंच सांगते, कारण किटचा कागद ते काम करतो. कॉकपिटचा आतला रंग फोटोशी ताडून घ्या. नाकातल्या शंकूत गळाला लावायचं शिसं भरा. धड बंद झाल्यावर ते भरता येत नाही आणि विमान शेपटीवर बसतं. गोंद पातळ घ्या. दोन भाग कोरडेच जुळवून धरा आणि ब्रशचं टोक फटीला लावा, गोंद आपोआप आत पळतो. जोडाची रेघ पुट्टीने भरून वॉटर पेपरने घासा, ४०० पासून १००० पर्यंत, पाणी लावून. मग बोटाने नव्हे, नखाने तपासा. कवळीच्या कडा मी अशाच तपासते: नख अडलं की काम अपुरं. कॅनोपीला फेविक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. साधा फेविकॉल लावा, वाळला की पारदर्शक होतो.

रंगाचा क्रम म्हणजे खऱ्या विमानाचा क्रम: आधी धातू, वर कॅमोफ्लाज. बरेच जण थेट हिरवा मारतात आणि शेवटी चंदेरी रंगाने ‘ओरखडे’ काढतात. ते लगेच ओळखू येतं.

प्रायमरचा हलका हात दिल्यावर चकचकीत काळा द्या. त्यात तुमचं प्रतिबिंब दिसलं पाहिजे. पूर्ण वाळला की एअरब्रशने अ‍ॅल्युमिनियम, १५ पीएसआयच्या आसपास, अगदी पातळ थर. काळा जितका गुळगुळीत, तितका धातू खरा. दोन-तीन पॅनेल झाकून जरा गडद छटा द्या, विमानाच्या मागच्या धुराड्याजवळ तर नक्कीच. गाड्यांच्या दुकानातला स्प्रे प्रायमर स्वस्त पडतो, पण काही प्रायमर प्लास्टिक खातात. आधी उरलेल्या स्प्रूवर, म्हणजे भाग ज्याला जोडलेले येतात त्या चौकटीवर, मारून पाहा.

धातूवर संरक्षक क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निश, आणि तो वाळल्यावर साधा केसांचा स्प्रे, दोन हात. अर्ध्या तासाने पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक हिरवा आणि तपकिरी. पट्ट्यांच्या कडा टेपने आखू नका. एअरब्रशचं तोंड जवळ आणून मोकळ्या हाताने मारा, किंचित वेड्यावाकड्या येऊ द्या. घाईच्या रंगाला सरळ कड शोभत नाही. तासाभरात ओल्या ब्रशने घासायला लागा, रात्रभर ठेवलं तर रंग हट्टी होतो. पाण्याने खालचा स्प्रे विरघळतो आणि हिरवा उडून धातू उघडा पडतो. कुठे घासायचं? जिथे माणसांचे हात-पाय लागतात तिथे: कॉकपिटच्या कडा, पंखाचं मूळ, इंधन भरायचं झाकण. शेपटीच्या शेंड्यावर कोणी चढत नाही.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरं धुकं येतं. डिसेंबरच्या पहाटे रंग वाळायला फार वेळ घेतो, दुपारी बसा. एप्रिलमध्ये एअरब्रशच्या तोंडाशीच रंग सुकतो, तेव्हा रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब. मास्क बाराही महिने, आणि खिडकी उघडी.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावण्याआधी ग्लॉस क्लिअर, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात. कोमट पाण्यात भिजवा, ओढू नका, सरकवा. बहुतेक किटांत भारतीय चक्रं नसतात, वेगळी मागवावी लागतात. केशरी कडा बाहेर, हिरवा मध्यभागी. शेवटी मॅट क्लिअर, पण उघड्या धातूवर कमी.

पिटो ट्यूब, म्हणजे नाकावरची ती लांब सुई, अगदी अखेरीस लावा. किटमधली प्लास्टिकची फेकून द्या, ती मोडणारच. मी दात सरळ करायची स्टीलची तार वापरते. तुम्ही इंजेक्शनची सुई टोक घासून घ्या. एफएलमध्ये ती नाकाच्या वरच्या बाजूला येते, मिग-२१च्या जुन्या एफ-१३ प्रकारासारखी खाली नाही. भोक मात्र जोडणीच्या वेळीच पाडून ठेवा. रंगलेल्या नाकावर ड्रिल धरायची वेळ येऊ देऊ नका.