रीडमी फाइल खरं बोलते का, ते पायथनलाच विचारा

माझी पायथनमधली एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड) आहे, रकमेत लाख-कोटींचे स्वल्पविराम घालणारी. मध्यंतरी उत्तरापुढे ₹ चिन्ह लावलं, टेस्टही सुधारल्या, ती कशी वापरायची हे सांगणारी रीडमी फाइल मात्र तशीच राहिली. नव्या सहकाऱ्याने तिच्यातलं उदाहरण चिकटवलं आणि अर्धा दिवस बिचारा स्वतःचीच चूक शोधत बसला. तेव्हापासून मी ती फाइलच टेस्ट म्हणून चालवते.

वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. लिहिलेली उदाहरणं चालवून उत्तरं जुळतात का ते बघणारं डॉकटेस्ट 2001 सालच्या 2.1 आवृत्तीपासून पायथनसोबतच येतं. सुरुवातीला इंपोर्टची ओळ द्या, मग पायथनच्या शेलमध्ये दिसतं तसंच उदाहरण लिहा:

```
>>> रुपये(1234567)
'₹12,34,567'

```

(हो, पायथन 3 मध्ये फंक्शनला देवनागरी नाव चालतं. टीममधले वैतागतात, ते सोडा.)

टर्मिनलवर पायथनला ‘एम’ (-m) पर्यायाने डॉकटेस्ट (doctest) आणि पुढे फाइलचं नाव द्या. सगळं जुळलं तर एक अक्षरही छापलं जात नाही. मला आधी वाटलं, चाललंच नाही! म्हणून पहिल्यांदा मुद्दाम एखादा आकडा बिघडवून बघा. अपेक्षित काय आणि मिळालं काय, दोन्ही समोर येतं. विंडोजवर देवनागरी वाचताना डॉकटेस्ट अडखळू शकतं. तिथे छोट्या स्क्रिप्टमधून त्याच्या टेस्टफाइल (testfile) फंक्शनला एन्कोडिंग युटीएफ-8 सांगा.

वर उत्तराखाली रिकामी ओळ सोडलीय, ती चुकून नाही. मार्कडाउनमध्ये (रीडमी ज्या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहितात, त्यात) कोड तीन बॅकटिकांनी (```) बंद होतो आणि डॉकटेस्टला मार्कडाउन कळत नाही. ओळ सोडली नाही तर ते बॅकटिकही उत्तराचाच भाग धरले जातात आणि बरोबर असलेलं उदाहरण पडतं. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

तुलना अक्षरशः होते. पायथन एकेरी अवतरण छापतं, तुम्ही दुहेरी लिहिलंत की नापास. 1.1 * 3 चं उत्तर 3.3000000000000003 येतं, ते राउंड करून दाखवा. सेटमधला क्रम भरवशाचा नाही, सॉर्ट करून घ्या. तारीख-वेळ असेल तर इलिप्सिस पर्याय चालू करून बदलत्या भागाच्या जागी तीन टिंबं द्या. पण सगळीकडे टिंबं पेरू नका, मग तपासायला उरतं काय? आणि रिकामी किंवा ऋण रक्कम असल्या कोपऱ्यातल्या केसेस वेगळ्या टेस्ट फाइलमध्येच बऱ्या. रीडमी माणसं वाचतात.

शेवटी हीच कमांड सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत, टाका. एक ध्यानात असू द्या: अशा फाइलमधली सगळी उदाहरणं एकाच सेशनमध्ये, वरून खाली चालतात. परवा मी एक परिच्छेद वर सरकवला, इंपोर्ट खाली राहिलं, आणि सीआयमधली बिल्ड लाल, म्हणजे नापास.