एलपार सांभाळताय? अधिकारांच्या आणि टूल्सच्या या चुका टाळा

आमच्याकडे भावाभावांत शेताची वाटणी झाली की बांध पडतात, सातबारा वेगळे होतात. पण विहीर सामाईक राहते आणि भांडण तिथंच पेटतं. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरचं तसंच आहे. एका मशीनवर आठ-दहा एलपार (लॉजिकल पार्टिशन, म्हणजे स्वतंत्र सर्व्हरसारखे चालणारे मशीनचे भाग) चालतात, प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, मेमरी वेगळी. पण एचएमसी (सगळे एलपार सांभाळायचा कन्सोल) सामाईक, व्हीआयओ सर्व्हर (एलपारांना डिस्क आणि नेटवर्क पुरवणारा) सामाईक, प्रोसेसरचा पूल सामाईक. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या सर्व्हर रूममध्ये काम करताना मी जी दुखणी पाहिली, ती बहुतेक याच सामाईक जागेतली होती. मशीनची वाटणी नीट झालेली असते. कुणी कुठं हात घालायचा याची झालेली नसते.

सगळ्यांचा एकच एचएससीरूट

एचएमसी बसवलं की एचएससीरूट हे सर्वाधिकाराचं खातं तयारच असतं. त्याचा जुना मूळ पासवर्ड एबीसी१२३ हा या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि तो न बदललेली ठिकाणं मी पाहिली आहेत.

एका ठिकाणी पासवर्डचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला होता. वापरणारे पाच जण: दोन अ‍ॅडमिन, एक डेटाबेसवाला, व्हेंडरचा इंजिनिअर आणि रात्रपाळीचा ऑपरेटर. एका रात्री टेस्टिंगचा एलपार बंद करायचा होता, बंद झाला प्रॉडक्शनचा. दोघांच्या नावात फक्त शेवटच्या अक्षराचा फरक. सकाळी लॉग उघडला तर सगळं होतं: वेळ होती, कमांड होती, आणि यूजरच्या जागी एचएससीरूट. पाचांपैकी कुणी केलं ते शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि संशय मात्र पाचही जणांवर राहिला. त्यातला ऑपरेटर पोरगा पुढं दोन महिन्यांत काम सोडून गेला. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण ही चूक माणसाची होण्याआधी मांडणीची होती.

उपाय अवघड नाही. एचएमसीमध्ये तयार रोल आहेत. ज्याला फक्त स्थिती बघायची, त्याला एचएमसीव्ह्यूअर. पाळीवरच्या माणसाला एचएमसीऑपरेटर. हार्डवेअर दुरुस्तीला येणाऱ्याला एचएमसीसर्व्हिसरेप. एचएमसीसुपरअ‍ॅडमिन दोन जणांकडे, तेही स्वतःच्या नावाच्या खात्यावर. एचएमसीपीई हा उत्पादकाच्या खोल तपासणीसाठीचा रोल आहे, तो रोजच्या कामात आणू नका.

इथवर बरेच जण येतात आणि थांबतात. पण रोल फक्त काय करता येईल तेवढंच ठरवतो. ते कशावर करता येईल, हे रिसोर्स रोल ठरवतो. ऑपरेटर रोलच्या माणसालाही एलपार बंद-चालू करता येतो. म्हणून त्याच्या खात्याला सगळ्या सिस्टीमचा रिसोर्स रोल न देता, नवीन रिसोर्स रोल बनवून त्यात टेस्टिंगचे एलपार तेवढे टाका. मग प्रॉडक्शनचा एलपार त्याच्या हाताखाली येतच नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

बंद करणं आणि वीज काढणं यातला फरक

एलपार बंद करताना एचएमसीच्या कमांडलाइनवर ओएसशटडाउन म्हटलं तर ऑपरेटिंग सिस्टीमला निरोप जातो, ती आपली कामं आवरून बंद होते. इमिजिएट म्हटलं तर हायपरवायझर (मशीनची वाटणी सांभाळणारा खालचा थर) सरळ वीज काढून घेतो. घाईत दुसरं निवडलं जातं, कारण पहिलं अनेकदा चालतच नाही. ते का चालत नाही, हे कुणी शोधत नाही. नव्वद टक्के वेळा कारण एकच निघतं, असं माझा अनुभव सांगतो: आरएमसी.

आरएमसी मेलेलं असताना पुढं रेटणं

एचएमसी आणि एलपार यांच्यातलं बोलणं आरएमसीवरून चालतं. ते तुटलं की चालू एलपारची मेमरी-प्रोसेसर बदलता येत नाही, लाइव्ह मोबिलिटी (चालू एलपार दुसऱ्या मशीनवर हलवणं) अडते, ओएसशटडाउनही अडतं. एलपार मात्र मजेत चालू असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

एचएमसीवर 'एलएसपार्टिशन -डीएलपार' चालवा. एलपारच्या ओळीत अ‍ॅक्टिव्हपुढं १ आणि डीकॅप्सपुढं शून्य नसलेला आकडा हवा. शून्य दिसलं तर आधी फायरवॉल बघा. पोर्ट ६५७ लागतो, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आणि दोन्ही दिशांनी. नेटवर्कवाले टीसीपी उघडून मोकळे होतात, यूडीपी विसरतात. पोर्ट ठीक असेल तर दुसरा प्रश्न विचारा: हा एलपार दुसऱ्याची कॉपी करून बनवलाय का? क्लोनमध्ये नोड आयडीही (आरएमसीसाठीची एलपारची ओळख) तोच येतो आणि एचएमसी गोंधळतं. त्यावर आरईसीएफजीसीटी ही कमांड नवा आयडी देते. पण एलपार क्लस्टरमध्ये असेल तर ती अजिबात चालवू नका. लिनक्स एलपार असेल तर आरएमसी ज्यातून येतं त्या आरएससीटीची पॅकेजेस बसवलीत का, तेही पाहा.

मेमरी वाढवली, प्रोफाइल तसंच राहिलं

मार्चअखेरच्या गर्दीत एका बँकेत आम्ही चालू एलपारची मेमरी ४८ जीबीवरून ६४ केली. काम झालं, सगळे खूश. मे महिन्यात वळवाच्या पावसात फीडर गेला, जनरेटर चढला नाही, यूपीएसने धरायचं तेवढं धरलं आणि मशीन बसलं. वीज आल्यावर ड्यूटीवरच्या मुलानं प्रोफाइल (एचएमसीवर लिहून ठेवलेली एलपारची सेटिंग) निवडून एलपार उठवला. प्रोफाइलमध्ये लिहिलेलं होतं ४८. सकाळी शाखा उघडल्या, पेजिंग (मेमरी कमी पडल्यानं डिस्कचा वापर) वाढत गेलं, आणि डेटाबेसवाले दुपारपर्यंत क्वेरी तपासत बसले.

एलपारच्या आतून रीबूट केलं तर प्रोफाइल वाचलं जात नाही, म्हणून ही चूक महिनोनमहिने झाकलेली राहते. पूर्ण बंद करून प्रोफाइलवरून उठवलं की उघडी पडते. चालू बदल केला की लगेच तो प्रोफाइलमध्ये सेव्ह करा, किंवा एलपारच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल सिंक चालू ठेवा. उठवताना 'करंट कॉन्फिगरेशन' हा पर्यायही असतो. आणि मॅक्सिमम मेमरी उगीच फुगवून ठेवू नका. त्या आकड्यानुसार हायपरवायझर पेज टेबलसाठी (मेमरीच्या हिशोबाच्या वहीसाठी) मेमरी अडवून ठेवतो.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. १० मिलीसेकंदांच्या प्रत्येक पाळीत एलपारला त्याचा हक्काचा वाटा मिळतोच. उरलेलं पाणी अनकॅप्ड (हक्कापेक्षा जास्त घेऊ शकणाऱ्या) एलपारांत वेटनुसार, म्हणजे प्राधान्याच्या आकड्यानुसार, वाटलं जातं. वेट ० ते २५५, मूळ १२८. सगळ्यांना १२८ ठेवलं तर टेस्टिंग आणि प्रॉडक्शन एकाच मानाचे झाले. हे बदला.

कन्सोल उघडा सोडणं

एलपारच्या व्हर्च्युअल कन्सोलची खिडकी बंद केल्यानं आतलं लॉगिन संपत नाही. पुढचा माणूस कन्सोल उघडतो तो थेट रूटच्या प्रॉम्प्टवर. आधी एक्झिट, मग बाहेर. एसएसएचमधून आला असाल तर बाहेर पडताना दोनदा टिल्ड आणि एक टिंब दाबा. एकदाच टिल्ड दाबलं तर एसएसएचच तुटतं.

दोन व्हीआयओ आहेत म्हणून निर्धास्त राहणं

ही चूक माझ्या हातून झाली आहे. दोन व्हीआयओ सर्व्हर होते, प्रत्येक एलपारच्या डिस्कला दोघांकडून एकेक पाथ (डिस्कपर्यंतची वाट). व्हीआयओएसबीआर या कमांडनं दोन्हींच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप काढून दुसऱ्या मशीनवर ठेवला होता, एलएसमॅपची (कुठली डिस्क कुणाला दिलीय याची) यादी छापून घेतली होती. पहिल्या शनिवारी पहिला व्हीआयओ अपडेट करून रीबूट केला. एकही एलपार हलला नाही. पुढच्या शनिवारी दुसरा रीबूटला घेतला आणि चार एआयएक्स (आयबीएमची युनिक्स) एलपार एकदम गेले.

पहिला व्हीआयओ परत आला होता, पण एलपारांच्या लेखी त्याचा पाथ फेल्डच राहिला होता. एचचेक_इंटरव्हल (पाथ किती सेकंदांनी तपासायचा तो आकडा) शून्य असेल तर एआयएक्स पडलेला पाथ पुन्हा तपासत नाही, आणि व्हीआयओकडून मिळालेल्या व्हर्च्युअल स्कझी डिस्कवर ते शून्य राहिलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. आठवडाभर ते चारही एलपार एका पायावर उभे होते आणि मी त्यांच्यात डोकावलो नव्हतो. व्हीआयओवर पॅडमिन या अ‍ॅडमिन खात्यातून सगळं हिरवं दिसत होतं. खरं चित्र एलपारच्या आत होतं.

आता क्रम असा ठेवतो. प्रत्येक डिस्कवर एचचेक_इंटरव्हल ६० करायचं. सीएचडेव्ह कमांडला कॅपिटल पी हा फ्लॅग देऊन केलेला बदल रीबूटनंतर लागू होतो, म्हणून देखभालीच्या कितीतरी आधी करून ठेवायचं. एक व्हीआयओ परत आला की प्रत्येक एलपारमध्ये एलएसपाथ (पाथची स्थिती दाखवणारी कमांड) चालवायचं आणि सगळ्या ओळी एनेबल्ड आहेत का ते वाचायचं. एखादी फेल्ड दिसली तर सीएचपाथनं एनेबल करून पुन्हा बघायचं. तरीही नाही झाली, तर दुसरा व्हीआयओ त्या रात्री रीबूट करायचा नाही.