झेंडावंदन झाल्यावरचा एक तास

२६ जानेवारीला गल्लीत झेंडा फडकतो, राष्ट्रगीत होतं, जिलेबी वाटली जाते आणि साडेआठच्या आत सगळे आपापल्या घरी. ज्या समतेच्या नावाने हे गणराज्य उभं राहिलं ती आपल्या गल्लीपर्यंत कितपत पोचली, हे बघायला आणखी एक तास थांबणं हीसुद्धा देशभक्तीच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातलं कुठलंही तरुण मंडळ ही तासाभराची बैठक घेऊ शकतं. खर्च फक्त सतरंज्या, कागद आणि चहाचा. तयारीला मात्र आठ दिवस लागतात.

पहिला प्रश्न जागेचा. देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण ज्यांच्या आजोबांना त्या पायरीच्या खाली थांबवलं होतं ते तिथे मोकळेपणी बोलणार नाहीत. बहुतेक वेळा येणारच नाहीत. शाळेचं पटांगण किंवा समाजभवन घ्या. व्यासपीठ नको आणि खुर्च्याही नकोत, कारण चार खुर्च्या मांडल्या की त्यांवर पंच बसतात आणि बाकीचे आपोआप श्रोते होतात. सतरंजीवर गोल बसायचं. २५ ते ४० माणसं पुरेत. एवढ्यांना माइक लागत नाही, आणि एकदा माइक आला की तो दोन-तीन हातांतून बाहेर पडत नाही.

आमंत्रण व्हॉट्सअॅपवर टाकून भागत नाही. चार दिवस आधी दोघांनी घरोघरी जायचं, त्यांत एक बाई असावी. गल्लीच्या शेवटच्या टोकाला, ओढ्यापलीकडे, जिथे मंडळाची वर्गणी मागायलाही कोणी जात नाही, तिथून सुरुवात करा. ‘या’ एवढंच म्हणू नका, काम सांगा: तुमच्या मुलीने संविधानाची उद्देशिका वाचायची, तुम्ही दोरी धरायची. काम दिलेला माणूस येतो.

त्याच फेरीत मंडळाच्या जुन्या वह्या काढून गेल्या दहा वर्षांत झेंडा कोणी फडकवला त्याची यादी करा. नुसती आडनावं एका कागदावर उतरवली तरी पुष्कळ कळतं. यंदाचा मान कोणाला द्यायचा हे ती यादी समोर ठेवून ठरवा. गल्लीची गटारं काढणाऱ्या महिला कामगाराला बोलवायचं ठरलं, तर तिला ‘सफाई कामगार’ म्हणून नव्हे, नावाने पुकारा.

झेंड्याचंही आदल्या दिवशी बघा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ हवं. गल्लीतल्या साध्या खांबाला ९०० × ६०० मिलिमीटरचा पुरतो. आपल्या शेजारी हुबळीच्या बेंगेरीत खादीचे प्रमाणित झेंडे तयार होतात, जमलं तर तिथला मागवा. सव्वीसला झेंडा घडी करून वरच बांधलेला असतो. जानेवारीत दंव पडतं, दोरी रात्रभर भिजून फुगते आणि गाठ आवळून बसते. सकाळी ओढाताण होते ती यामुळे. म्हणून सुरगाठच मारायची, पाकळ्या मूठभरच घालायच्या, आणि झेंडा पहाटे बांधून खाली उभं राहून एकदा हलका झटका देऊन बघायचा.

बैठक पावणेनऊला सुरू करा. पहिली दहा मिनिटं वाचनाची. उद्देशिका आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, दोन वेगवेगळ्या मुलांनी वाचावी. नंतर संविधानातलं भेदभावाला मनाई करणारं कलम १५ आणि अस्पृश्यता बंद करणारं कलम १७. पंधरामध्ये ‘धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान’ हे शब्द आले की वाचणाऱ्याने थांबायचं. त्याच कलमात पुढे दुकानं, विहिरी, तलाव, रस्ते यांचाही उल्लेख आहे, तोही वाचून दाखवा. हे कलम मोठ्याने ऐकण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ असते.

मग एक जुनी गोष्ट सांगायची, पाच मिनिटांत. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन ४ जुलैचा. १८५२ साली रोचेस्टर गावात त्यानिमित्त भाषण करायला फ्रेडरिक डग्लस यांना बोलावलं होतं. ते स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले. ५ जुलैला ते उभे राहिले, देश घडवणाऱ्यांचा त्यांनी गौरव केला, आणि मग विचारलं की गुलामाला या सणाचं काय? लाखो माणसं बेड्यांत असताना हा दिवस तुमचा आहे, माझा नाही. पुढे तिथे गुलामगिरी संपली, आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ तिच्याविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. वंशाचा अन्याय आणि जातीचा अन्याय एकाच रांगेत धरायला फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी शिकवलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेला बजावलं तेही इथेच सांगा: २६ जानेवारीपासून राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल.

आपल्या मातीतलंही आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे, इंग्रजांशी लढलेले सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांना नंदगडला फाशी दिली तो दिवस २६ जानेवारी १८३१ चा. त्यांच्या साथीदारांत गजवीर नावाचा सिद्दी लढवय्या होता, असं लोकपरंपरा सांगते. वीर कन्नडचे की मराठीचे, या वादात शिरू नका. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्याच्या बाजूने आणले गेले, त्यांतले कित्येक पळून घाटातल्या जंगलात वसले. आज ते कोकणी-मराठी आणि कन्नड बोलतात, आपल्याच बसने खानापूर-हल्याळ करतात, आणि तरी त्यांना ‘कुठल्या देशातले?’ असं विचारलं जातं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना २०२० साली. एखाद्या सिद्दी पाहुण्याला बोलावणार असाल तर येण्या-जाण्याचा खर्च आधी हातात द्या, विषय त्यांना ठरवू द्या, आणि ‘तुमचा नाच दाखवा’ म्हणू नका. केसांना हात लावणं, गराडा घालून सेल्फी काढणं यावर मुलांना आदल्या दिवशीच समज द्या.

त्यानंतर चिठ्ठ्या. वहीचं पान चार भागांत फाडायचं, प्रत्येकाला एक तुकडा आणि सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, म्हणजे कोणाची चिठ्ठी ते कळत नाही. प्रश्न एकच: या गल्लीत कोणाला, कुठे, वेगळं वागवलं जातं? नाव नको, जागा लिहा. भाड्याचं घर, लग्नाची पंगत, हळदीकुंकू, स्मशानाची वाट, पालखी खांद्यावर घ्यायचा मान, कॉलेजात शिकायला आलेल्या ईशान्येकडच्या पोरांना मारलेली हाक. लिहिता न येणाऱ्यांसाठी एक विश्वासाची व्यक्ती बाजूला बसवा. चिठ्ठ्या डब्यात घालून ढवळायच्या आणि एकानेच सपाट आवाजात वाचायच्या. वाचताना कोणी उत्तर द्यायचं नाही. सगळ्यात अवघड नियम हाच, म्हणून तो सुरुवातीला दोनदा सांगा. एखाद्या दलित शेजाऱ्याकडे वळून ‘तुम्हीच सांगा की’ म्हणणंही टाळा. आपली जखम उघडून बाकीच्यांना शिकवणं हे त्यांचं काम नाही.

बैठक बहुतेक भाषेच्या प्रश्नावर घसरते. कोणीतरी उठतो: आपल्यावरच अन्याय होतोय, कचेरीत मराठीत कागद मिळत नाही, त्याचं काय? त्याला गप्प करू नका. ते दुःख खरं आहे, आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी हे संविधानातच, कलम ३५०क मध्ये, लिहिलं आहे. घड्याळ लावून दहा मिनिटं त्यालाच द्या. मग विचारा: कागदाची भाषा बघून खिडकीतल्या माणसाने तोंड फिरवलं की पोटात काय होतं? आडनाव ऐकून ‘घर परवाच गेलं’ म्हटलं की समोरच्याच्या पोटात काय होत असेल? सीमाभागातल्या मराठी माणसाला दुसऱ्याचा अपमान कळायला लांब जावं लागत नाही. बैठकीतला हा क्षण घाईत उरकू नका, शांतता पसरली तर पसरू द्या.

आरक्षणावर वाद पेटला तर ‘त्यासाठी वेगळी बैठक, तारीख आत्ताच ठरवू’ म्हणून खरोखर तारीख लिहा. ‘आमच्या गल्लीत तसलं काही नाही’ असं कोणी म्हटलं तर चिठ्ठ्या पुन्हा वाचा, दुसरं काही बोलू नका.

शेवटची दहा मिनिटं एका कामासाठी. पाच कामं ठरली की एकही होत नाही. घर भाड्याने देताना जात विचारायची नाही असं ठरलं, तर राजी असलेल्या घरमालकांनी तिथेच सह्या कराव्यात. स्मशानाच्या वाटेचा प्रश्न असेल तर ग्रामपंचायतीचा अर्ज बसल्या जागी लिहून काढा. वहीत काम, दोघांची नावं आणि मुदत: १४ एप्रिल. अडीच महिने मिळतात. आंबेडकर जयंतीला तीच वही उघडायची आणि हार घालायच्या आधी ते पान मोठ्याने वाचायचं. काम झालं नसेल तर ‘झालं नाही’ असं त्याच पानावर लिहून पुढची तारीख १५ ऑगस्टची टाका. चिठ्ठ्या मात्र त्याच दिवशी जाळून टाका.