माळ्यावरचा जुना एचएफ सेट परत चालू करायचा असेल तर

एचएफ सेट म्हणजे हॅम रेडिओवाल्यांचा शॉर्टवेव्हवर बोलायचा-ऐकायचा सेट. असा जुना सेट घरी आला की पहिली खाज एकच, प्लग लावून बघू चालतो का. नका लावू. दहा-वीस वर्षं बंद पडलेल्या सेटचं जे काही नुकसान होतं ना ते माळ्यावर पडून कमी होतं आणि त्या पहिल्या पाच सेकंदात जास्त होतं.

आपल्या इंदूरात रामबाग, टिळक नगर, लोकमान्य नगर अशा भागातून अजूनही एखादा यासू एफटी-१०१ किंवा केनवूडचा टीएस-५२० निघतो, घरातले हॅमवाले काका गेलेले असतात, मुलांना ती पेटी काय आहे हेच माहीत नसतं आणि कबाड्याकडे जायच्या आत कोणीतरी आपल्याला फोन करतं. महू शेजारी, तिथे आर्मीचं सिग्नलचं मोठं कॉलेज, त्यामुळे मिलिटरीचं जुनं सामान पण कधीमधी दिसतं, पण त्याचं गणित वेगळं आहे. इथे फक्त १९७०च्या दशकातल्या हायब्रिड सेटबद्दल बोलतोय, म्हणजे आत सगळं ट्रान्झिस्टर आणि फक्त फायनल (अँटेनाला पॉवर देणारी शेवटची पायरी) आणि तिच्या आधीचा ड्रायव्हर यांना व्हॉल्व्ह. एफटी-१०१ ई मध्ये ड्रायव्हर १२बीवाय७ए आणि फायनलला दोन ६जेएस६सी, टीएस-५२० मध्ये ड्रायव्हर तोच पण फायनलला ६१४६बी जातीची जोडी.

आधी लायसन्सचं बोलून टाकू. आपल्याकडे नुसता ट्रान्समीटर बाळगायचा तरी परवाना लागतो, त्यामुळे केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसीची एएसओसी, म्हणजे हॅमच्या परवान्याची परीक्षा दिली नसेल तर ती आधी देऊन टाका, अभ्यास करता करता सेट साफ होतोच.

आता शॉकचं. एफटी-१०१ मध्ये फायनल व्हॉल्व्हच्या प्लेटवर (आतल्या पत्र्यावर) ६०० व्होल्ट असतात, टीएस-५२० ला ८०० च्या आसपास. हे डीसी आहे आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये बसून राहतं, कारण जो ब्लीडर रेझिस्टर ते उतरवतो तोच म्हातारपणी ओपन झालेला असू शकतो. म्हणून १ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर एका सुक्या प्लास्टिकच्या दांडीला बांधून, एक टोक चासिसला क्लिप करून, दुसरं टोक एचटी (हाय टेन्शन, म्हणजे याच ६००-८०० व्होल्टच्या) लाइनला पाचेक सेकंद टेकवायचं, मग मीटरने बघायचं शून्य झालं का, आणि मगच हात घालायचा. स्क्रूड्रायव्हरने फटाका उडवू नका, कपॅसिटर पण जातो आणि डोळे पण. सेट चालू असताना मोजायचं असेल तर एक हात खिशात आणि पायात रबरी चप्पल. घरात कोणीतरी जागं असताना काम करा, रात्री दोन वाजता एकट्याने एचटी मोजण्यात काही शौर्य नाही.

कव्हर काढलं की काही करायच्या आधी मोबाइलने भरपूर फोटो काढा, प्रत्येक बोर्डाचा, प्रत्येक वायरच्या रंगाचा. मग वास घ्या, खरंच घ्या, जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास वर्षानुवर्षं जात नाही, आणि तो वास असेल तर सेट घ्यायच्या आधीच दहादा विचार करा कारण तसा ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून घेणं हे सगळ्यात किचकट काम. उंदराने आत संसार केला असेल तर मास्क लावा. धूळ रंगाच्या मऊ ब्रशने उडवायची आणि शेजारी व्हॅक्यूमचा पाइप धरायचा. नॉब काढून भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात टाका, जुना टूथब्रश मारा, नव्यासारखे होतात. थिनर आणि ॲसिटोन मात्र घरात दुसऱ्या खोलीत ठेवा, पॅनलवरची अक्षरं एका फडक्यात उतरतात आणि आतले ते पारदर्शक, चंदेरी पोटाचे स्टायरोफ्लेक्स कपॅसिटर विरघळतात. ते कपॅसिटर गरम सोल्डरिंग आयर्न नुसता टेकला तरी वितळतात, तिथे काम करताना लक्ष ठेवा.

यानंतर जे आहे तेच खरं काम, आणि लोक तेच टाळतात. जुना सेट "मेला" म्हणून आणून देतात त्यातले कितीतरी मेलेले नसतातच, कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. बँड स्विच घ्या. एका दांड्यावर चार-पाच वेफर (चकत्या), प्रत्येकावर चांदीचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या, आणि आपल्या पावसाळ्यात त्या काळ्या होतात. इथे स्प्रेची नळी घालून फवारा मारायचा नाही. वेफर फिनॉलिकचा, म्हणजे दाबलेल्या कागदाचा, तो तेल पितो आणि मग तिथे लीकेज होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर बाटलीच्या झाकणात थोडा काढा, टूथपिकचं टोक बुडवा आणि एकेका पट्टीला एकच थेंब लावा, दिवा आणि भिंग घेऊन, मग स्विच इकडून तिकडे वीस-पंचवीस वेळा फिरवा, नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने पुसून घ्या. ब्रश काळा येतो. परत करा, पांढरा येईपर्यंत. साधा डब्ल्यूडी-४० इथे नको, तो मागे थर सोडतो आणि त्यावर धूळ बसते. सँडपेपर तर अजिबात नको, मुलामाच गेला की विषय संपला.

एफटी-१०१ चे बोर्ड सॉकेटमध्ये खोचलेले असतात, एकेक बोर्ड सरळ वर ओढून काढायचा, तिरका नाही, कडेचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपाइलने पुसायचे आणि चार-पाच वेळा आत-बाहेर करायचं. रिले पण सॉकेटमधले आहेत. रिलेचे कॉन्टॅक्ट साफ करायला जाड बॉन्ड पेपरची पट्टी आयसोप्रोपाइलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या मधे धरायची, बोटाने हलकं दाबायचं आणि पट्टी ओढून घ्यायची, तेवढं पुरे. रिसीव्हर कधी जोरात कधी हळू वाजतो आणि टेबलावर मूठ मारली की सुधारतो, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

आता वीज. मागचा व्होल्टेज टॅप बघा, सेट जपानहून कोणाच्या सामानातून आला असेल तर १०० किंवा ११७ व्होल्टवर असू शकतो आणि आपण लावणार २३० वर. एफटी-१०१ ला २२० आणि २३४ असे दोन टॅप आहेत, आपल्याकडे रात्री उशिरा लाइन २४५ च्या वर जाते म्हणून २३४ चाच घ्या, व्हॉल्व्हचे हीटर दुवा देतील. फ्यूज काढून बघा, आधीच्या मालकाने तिथे तांब्याची तार गुंडाळलेली सापडली तर दचकू नका, आपल्या देशात ती परंपरा आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलेला फ्यूजच टाका.

मग १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये लावा, एलईडी चालणार नाही. पुढच्या पॅनलवरचा हीटरचा स्विच बंद ठेवा. स्विच ऑन केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. नंतर हीटर चालू केला की बल्ब परत थोडा उजळेल, ते शॉर्ट नाही, दोन ६जेएस६सी चे हीटरच जवळजवळ २८ वॅट खातात. आणि एफटी-१०१ मध्ये हीटर पेटतच नसतील तर व्हॉल्व्ह विकत घ्यायला धावू नका, मागचा ॲक्सेसरीचा प्लग हरवलेला असेल, त्यातल्या जंपरमधूनच हीटरचा सप्लाय जातो. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर अजून छान, हळूहळू तासाभरात व्होल्टेज चढवा, जुन्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला सावरायला वेळ मिळतो. पण सावरला म्हणजे बरा झाला असं नाही, बूड फुगलेलं किंवा चिकट असेल, स्पीकरमध्ये घूं घूं येत असेल तर बदला.

कपॅसिटर महाराणी रोडला मिळतात. तिथला संवाद ठरलेला, "भिया ४५० वोल्ट का नहीं है, ३५० का ले जाओ, चल जाएगा." नाही चालणार. व्होल्टेज मूळच्या इतकं किंवा जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे वर, आणि १०५ डिग्रीवाला मागा, ८५ वाला नाही. दुकानात धूळ खात पडलेला माल असेल तर तोही म्हाताराच, बॉडीवर तारखेचा कोड असतो तो बघून घ्या. एचटीत दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतील तर दोन्ही एकदमच बदला, आणि प्रत्येकाच्या अंगावरचा बॅलन्सिंग रेझिस्टर मोजा, तो वाढलेला असला तर एकाच कपॅसिटरवर जास्त भार येतो. पण सेटमधला प्रत्येक कपॅसिटर सरसकट बदलायची जी फॅशन आलीये ती मला पटत नाही. शंभर ठिकाणी आयर्न लावला की पन्नास वर्षं जुन्या बोर्डाचे ट्रॅक उचलले जातात आणि मग नवीन दोष कुठला, जुना कुठला, काही कळत नाही. पॉवर सप्लायचे बदला, ऑडिओत गरज असली तर बदला, बाकी मोजून.

एकच अपवाद. ड्रायव्हरच्या प्लेटपासून फायनलच्या ग्रिडपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीपर्यंत, सिग्नल नेणारा जो छोटा कपॅसिटर आहे तो मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो, त्याच किमतीचा पण १ किलोव्होल्टचा. तो जरासा जरी लीक झाला तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं, निगेटिव्ह बायस संपतो आणि फायनल लाल होऊन बसतात. दहा-वीस रुपयाच्या वस्तूपायी हजारोंची जोडी.

मॅन्युअलमधले सगळे सप्लाय व्होल्टेज जुळले की आधी फक्त रिसीव्ह. हीटर परत बंद करा, ऐकायला व्हॉल्व्ह लागत नाहीत. गच्चीवर दहा मीटर तार टाकली तरी संध्याकाळी ४० मीटरवर आवाज यायला हवेत, ७.२०० च्या वर ब्रॉडकास्टवाले इतके जोरात असतात की तेही नाही आले तर दोष सेटचाच. सेटमधला कॅलिब्रेटर (डायल तपासायला ठरावीक अंतरावर खुणेचे सिग्नल देणारा) लावून दर २५ किलोहर्ट्झला शिट्टी मिळते का बघा. सेटच्या बँड स्विचवर १० मेगाहर्ट्झची पोझिशन असली तर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या स्टेशनची टिकटिक तिथे घ्या आणि डायल जुळवा.

व्हीएफओ, म्हणजे डायलने फ्रिक्वेन्सी ठरवणारं सर्किट, उडी मारतो, म्हणजे डायल न हलवता समोरच्याचा आवाज एकदम बदकासारखा होतो, हा या सेटचा नेहमीचा रोग. लोक ट्रान्झिस्टर बदलत बसतात. आधी व्हीएफओचा डबा उघडून व्हेरिएबल कपॅसिटरच्या दांड्याला अर्थ करणारी पितळी स्प्रिंग बघा, तिथलं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं. ते आयसोप्रोपाइलने काढा, टूथपिकने कॉन्टॅक्ट ल्यूबचा एक थेंब द्या, अर्थचे जुने सोल्डर जॉइंट परत गरम करा. हळूहळू सरकणं वेगळं, ते सेट गरम होईपर्यंत चालायचंच, पण वॉर्म-अपनंतर अर्ध्या तासात १०० हर्ट्झच्या आत राहायला पाहिजे.

आणि कॉइलच्या कोअरला हात लावू नका. रिसेप्शन कमी वाटलं की पहिला मोह आयएफटी (आतल्या छोट्या डब्यांतल्या ट्यून केलेल्या कॉइल) फिरवायचा होतो, पण अलाइनमेंट आपोआप फार हलत नाही, ती कोणीतरी हलवलेली असते. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवलंत तर फेराइट तडकतो आणि आत अडकून बसतो. बाकी सगळं संपल्यावर, मॅन्युअल समोर ठेवून, प्लास्टिकच्या विणायच्या सुईचं टोक घासून बनवलेल्या हत्याराने, आणि आधी कोअरच्या जागेची खूण करून.

ट्रान्समिट सगळ्यात शेवटी. अँटेना काढून डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर, लावा. बाजारात मिळाला नाही तर १ किलोओहम २ वॅटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर पॅरलल जोडा, ५० ओहम होतात, ट्रान्सफॉर्मर ऑइलच्या डब्यात बुडवले की थोड्या थोड्या वेळासाठी १०० वॅट झेलतात. दुकानदार पांढरे सिमेंटवाले वायरवाउंड देईल, ते घेऊ नका, आत कॉइलच असते ती. वर्षानुवर्षं न पेटलेल्या व्हॉल्व्हना आधी नुसता हीटर देऊन काही तास ठेवा. मग बायस, दोन्ही सेटना बिना सिग्नलचा करंट ६० मिलिॲम्पिअर. खोलीतला दिवा मालवून जाळीतून आत बघा, हीटरची नारिंगी झाक दिसली तर ठीक, प्लेटचा पत्राच लाल दिसला तर तत्काळ बंद.

व्हॉल्व्ह बदलले तर न्यूट्रलायझेशन, म्हणजे फायनल आपोआप ऑसिलेट होऊ नये म्हणूनची जुळणी, करावंच लागतं. ओळखायची साधी रीत, १० मीटर बँडवर प्लेटचा नॉब फिरवताना करंटचा डिप (सुई सगळ्यात खाली येते ती जागा) आणि जास्तीत जास्त पॉवर एकाच जागी यायला पाहिजेत, नाही आले तर मॅन्युअलप्रमाणे ट्रिमर जुळवा, पूर्ण प्लास्टिकच्या हत्यारानेच, कारण त्या ट्रिमरवर एचटी असू शकतं. ट्यून करताना मोर्सची की दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मग थांबा, मग परत. प्रीसिलेक्टरने पीक, प्लेटने डिप, लोडने थोडं वर, परत डिप, आणि हाताला सवय होईपर्यंत ड्राइव्ह कमी ठेवा.

ऑडिओ बारीक जातोय असं समोरून सांगितलं तर आधी माइक बघा. या सेटना ५० किलोओहमचा हाय इम्पीडन्स माइक लागतो, ६०० ओहमवाला नवा माइक लावला की कितीही ओरडा, एएलसीची (आवाजाची पातळी आवरणाऱ्या सर्किटची) सुई हलत नाही. मधे छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा एका ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प टाकला की झालं.

पावसाळ्यात सेट कपड्यात गुंडाळून ठेवू नका, आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा आणि तेवढ्यात बँड स्विच दोन-चार वेळा फिरवून घ्या.