पणजोबांचा माग लागत नसेल तर आधी आत्याचं सासर शोधा

मुंबईच्या कापड गिरणीत कामाला आलेल्या पणजोबांचं नाव माहितीये, आडनाव माहितीये आणि पुढे काहीच मिळत नाही, असं झालं की अजून वरच्या पिढ्यांत जाणं थांबवा आणि आजूबाजूला बघा. आत्या, मावश्या, चुलत आजोबा, चाळीतले शेजारी सगळे. कारण गिरणीत सहसा कोणी एकटा आलाच नाही, गावच्याच कोणाच्या तरी ओळखीने लागला आणि लालबाग-परळला गाववाल्यांच्याच खोलीत राहिला, म्हणून गावाचं ग्रामस्थ मंडळ अजून चालू असेल तर वर्गणीच्या जुन्या वह्या नक्की मागा.

पण सगळ्यात आधी घरातली आहेराची वही काढा. लग्नपत्रिकेत नावं असतात पण वहीत नाव, गाव आणि कोणी काय दिलं हे पण असतं. दोन-तीन लग्नांच्या वह्या शेजारी ठेवा, परत परत येणारी नावं वेगळी लिहा. आमच्याकडे घरात सगळे नुसतं “रत्नागिरीकडचे” एवढंच सांगायचे, आणि प्रत्येक लग्नात लांज्याच्या एका घरातून लुगडं आलेलं, ते कोण हे कोणालाच माहीत नाही, शेवटी कळलं ती आजोबांची सख्खी आत्या, आणि आमचं मूळ गाव तिच्या नातवाने सांगितलं! मी त्या दिवशी रडलेच.

बायकांची माहेरची नावं वेगळी लिहा, लग्नात नाव पण बदलायचे. पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी, म्हणून जन्माची नोंद आईच्या गावी पण शोधा. सातबाऱ्यावरून फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) नंबर घ्या आणि वारस नोंदीचा जुना फेरफार काढा, त्यात बऱ्याचदा लेकींची सासरची नावं सापडतात.

गिरणी कामगारांच्या घरासाठी म्हाडाला अर्ज केलेलं कोणी नात्यात असेल तर त्यांच्याकडे गिरणीतला तिकीट नंबर (कामगाराचा ओळख नंबर), पीएफची स्लिप असं बरंच जपलेलं असतं.

एक सांभाळा, चाळीत गाववाल्यांना पण मामा-काकाच म्हणतात, तर सख्खे की मानलेले हे प्रत्येकवेळी विचारा. आणि म्हाताऱ्या माणसांना “वंशावळ सांगा” म्हणू नका, ती गप्प बसतात. “तुमच्या लग्नात मामा म्हणून पाठीशी कोण उभं होतं?” असं विचारा आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून चालू ठेवा.