परफॉर्मन्स एसयूव्ही की स्पोर्ट वॅगन: तुलना नेमकी कशी करायची

एक परफॉर्मन्स एसयूव्ही आणि एक स्पोर्ट वॅगन, म्हणजे सेडानइतकीच बुटकी पण छत मागपर्यंत नेलेली गाडी. ब्रोशर समोरासमोर ठेवली की दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. ताकद तेवढीच, शून्य ते शंभरचा वेळ जवळपास तोच, सीटचं चामडंही तेच. खरा फरक ब्रोशरमध्ये छोट्या अक्षरांत असतो: वजन, उंची, टायरचा साइझ आणि किती भार चालतो तो आकडा. तुलना तिथून सुरू करायची.

आधी जोडी नीट निवडा. एका कंपनीची वॅगन आणि दुसऱ्या कंपनीची एसयूव्ही घेतली तर जाणवलेला फरक इंजिनाचा, गिअरबॉक्सचा की उंचीचा, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून शक्यतो एकच इंजिन असलेल्या दोन गाड्या पाहा. ऑडीने २०१९ मध्ये आरएस ६ अवांत ही वॅगन आणि आरएस क्यू८ ही एसयूव्ही दोन्ही आणल्या. दोघींत ४ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८, ६०० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकद, ८०० न्यूटन मीटर टॉर्क. शून्य ते शंभर: वॅगन ३.६ सेकंद, एसयूव्ही ३.८. इंजिन दोन्हीकडून वजा झालं, आता जे उरलं ते फक्त शरीर. वजन मात्र २,०७५ किलो आणि २,३१५ किलो. म्हणजे एसयूव्ही रिकामी असतानाही वॅगनच्या तुलनेत तिच्यात तीन धडधाकट माणसं कायमची बसलेली.

‘वॅगन म्हणजे हलकी’ असंही धरून चालू नका. बीएमडब्ल्यूची २०२४ ची एम५ टुरिंग ७२७ पीएसची प्लग-इन हायब्रिड आहे आणि बॅटरीमुळे तिचं वजन अडीच टनांच्या आसपास जातं. वरच्या एसयूव्हीपेक्षाही जास्त.

उंचीचा हिशोब कागदावर मांडा

वळणात बाहेरच्या चाकांवर किती भार सरकतो, हे काढायला चार आकडे पुरतात: वजन गुणिले वळणाचा जोर गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर. गुरुत्वमध्याची उंची कंपन्या सहसा छापत नाहीत, म्हणून अंदाजे धरू: वॅगनसाठी ५५ सेंटिमीटर, एसयूव्हीसाठी ६८. चाकांतलं अंतर अनुक्रमे १.६६ आणि १.६९ मीटर. वळण ०.८ जीचं, म्हणजे चांगलंच जोरात घेतलेलं.

वॅगनमध्ये साधारण ५५० किलो बाहेरच्या बाजूला जातात. एसयूव्हीमध्ये ७४५.

आता हा जास्तीचा भार एसयूव्हीला कसा तरी थोपवावा लागतो. साधा उपाय म्हणजे जाड अँटीरोल बार, डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन एकमेकांना जोडणारी दांडी. पण बार जाड केला की डावं चाक खड्ड्यात गेल्यावर उजवी बाजूही हलते आणि प्रवाशांची डोकी डावीकडून उजवीकडे डुलतात. ड्रायव्हरला हे फारसं जाणवत नाही, हातात स्टिअरिंग असतं. मागे बसलेल्यांची मात्र मान दुखते. यावर उतारा म्हणजे ४८ व्होल्टच्या मोटरवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह बार: सरळ रस्त्यावर ते ढिले राहतात, वळणात घट्ट होतात. एसयूव्हीच घ्यायची ठरली आणि हा भाग पर्यायी असेल, तर चकचकीत कार्बनच्या पट्ट्या सोडा आणि पैसे इथे घाला.

ब्रेकचंही तसंच. या दोन्ही ऑडींना पुढे ४२० मिलिमीटरच्याच स्टीलच्या डिस्क येतात. ताशी २०० वरून थांबताना वॅगनच्या ब्रेकांना सुमारे ३.२ मेगाज्यूल उष्णता पचवायची असते, एसयूव्हीच्या ब्रेकांना ३.६. एकदा थांबताना फरक कळणार नाही. घाटाच्या उतारावर चौथ्या-पाचव्या वेळी पेडल लांब जाऊ लागतं, तेव्हा कळतो.

टेस्ट ड्राइव्ह: रस्ता एक, प्रवासी तेच

दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, शक्यतो एकाच दिवशी चालवा. निघण्याआधी थंड टायरची हवा स्वतः मोजा. शोरूमच्या गाड्यांत ती बऱ्याचदा जास्त असते. चांगली गाडी मग उगाच कडक वाटते आणि दोष सस्पेन्शनच्या माथी जातो. ड्राइव्ह मोड दोन्हीकडे कम्फर्टवर ठेवा. स्पोर्ट मोड शेवटची पाच मिनिटं.

पहिल्यांदा ३० ते ४० च्या वेगाने खराब रस्ता, आणि तुम्ही मागच्या सीटवर. हो, मागेच. पाण्याची अर्धी भरलेली बाटली हातात धरा. पाणी वर-खाली हललं तर स्प्रिंगचा मामला. डावीकडे-उजवीकडे सपसप करू लागलं तर ते वर सांगितलेलं डोकं डुलणं.

मग स्टिअरिंग हातात घ्या. मोकळ्या, सुरक्षित जागेत ६० ला लेन बदलून लगेच परत या. वॅगन एका हालचालीत बसते. एसयूव्हीचं नाक आधी वळतं आणि वरचा डोलारा क्षणभर मागून येतो. अ‍ॅक्टिव्ह बारने तो क्षण लहान होतो, नाहीसा होत नाही. शेवटी मोकळ्याच रस्त्यावर १०० वरून २० पर्यंत तीनदा लागोपाठ कडक ब्रेक. तिसऱ्या वेळीही पेडल त्याच जागी लागलं पाहिजे.

हायवेवरचा वारा ड्राइव्हमध्ये कळत नाही, टाकीत कळतो. समोरचं क्षेत्रफळ आणि आकार धरून ताशी १३० ला नुसता वारा कापायला अशा वॅगनला अंदाजे २२ किलोवॉट लागतात, एसयूव्हीला २९. हा फरक प्रत्येक लांब प्रवासात इंधनातून जातो.

डिकी: लिटरवर विसंबू नका

५६५ लिटर विरुद्ध ६०५ लिटर, एवढं वाचून एसयूव्ही मोठी ठरते. पण युरोपात हे माप २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे, एकेक लिटरचे ठोकळे रचून काढतात. ठोकळे उतरत्या काचेखालच्या सांदीतही बसतात, तुमची सुटकेस बसत नाही. कूपेसारख्या उतरत्या पाठीच्या एसयूव्हीत हा घोळ हमखास. टेप घेऊन जा आणि तीन मापं घ्या: सीटच्या पाठीपासून दारापर्यंतची लांबी, चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी आणि डिकीच्या काठाची जमिनीपासूनची उंची. काठ साधारणपणे कमरेखाली असेल तर २५ किलोची बॅग सहज आत जाते. वॅगनमध्ये बहुधा तसंच असतं. एसयूव्हीमध्ये बॅग आधी छातीजवळ उचलावी लागते. कुत्रा म्हातारा असेल तर त्यालाही विचारा.

छतावर बॉक्स लावणार असाल तर एक बेरीज करून ठेवा. दीड मीटरची वॅगन, वर बार आणि बॉक्स मिळून ४५ सेंटिमीटर: १.९५ मीटर. २ मीटरच्या पार्किंगमध्ये ती जेमतेम जाते. १.७ मीटरची एसयूव्ही बाहेरच राहते.

उलट बाजूही खरी आहे. गुडघे किंवा कंबर धरलेल्या माणसाला एसयूव्हीत नुसतं सरकून बसता येतं, वॅगनमध्ये खाली उतरून बसावं लागतं आणि उठताना हात टेकावा लागतो. जड ट्रेलर ओढायचा असेल तर मोठ्या एसयूव्ही अनेकदा ३,५०० किलोपर्यंत ओढतात, वॅगन २ टनांच्या आसपास थांबतात. घरात यातलं एकही कारण नसेल आणि रस्ता बरा असेल, तर आमचा कौल वॅगनला.

पोट घासणार का? दोरी लावून बघा

वॅगनची खरी परीक्षा स्पीडब्रेकरवर. दोन विटा आणि ३ मीटर दोरी घ्या, कारण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उंचवटा निवडा, रहदारी नसताना त्याच्या दोन्ही बाजूंना विटा ठेवा आणि दोरी जमिनीपासून १० सेंटिमीटरवर ताणा. रिकाम्या वॅगनचं पोट सुमारे १२ सेंटिमीटरवर असतं, चार माणसं बसली की दोन सेंटिमीटर गेले असं धरा. उंचवटा दोरीला टेकला तर गाडीलाही टेकणार. विटा थोड्या पुढे-मागे सरकवून पुन्हा बघा, बंगल्याच्या किंवा तळघराच्या रॅम्पच्या माथ्यावरही हेच करा. एअर सस्पेन्शन (स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर गाडी भार पडल्यावर स्वतःला सावरते आणि काही गाड्या हळू वेगात उचलताही येतात. स्टीलच्या स्प्रिंगला ती सोय नाही.

टायरचा साइझही इथेच तपासा. २८५/३० आर२२ म्हणजे टायरची बाजू २८५ मिलिमीटर रुंदीच्या ३० टक्के, जेमतेम ८.५ सेंटिमीटर. एसयूव्हीचा २९५/४० आर२२ घेतला तर ११.८. त्याच खड्ड्यात पहिल्याचा रिम वाकतो, दुसरा वाचतो. वॅगन घेताना २२ इंचांऐवजी २७५/३५ आर२१ घ्या: बाजू ९.६ सेंटिमीटर, आणि गाडी दिसायला तसूभरही कमी नाही.

वापरलेली घेताना

एअर सस्पेन्शनची तपासणी एका रात्रीची आहे. संध्याकाळी सपाट जागेत चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहा, सकाळी गाडी चालू करण्याआधी पुन्हा मोजा. एकच कोपरा सेंटिमीटरभर किंवा जास्त बसला असेल तर त्या हवेच्या पिशवीची घडी चिरली असण्याची शक्यता मोठी. खर्च पिशवीवर थांबत नाही. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि तोही जळतो.

ब्रेक डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा. सिरॅमिक डिस्क असेल तर जाडीपेक्षा कडेचे टवके आणि पृष्ठभाग बघा. चाक काढताना रिम आपटून टवका उडालेली डिस्क बदलावीच लागते.

चारही टायरच्या नक्षीची खोली मोजायला विसरू नका. तीन जुने आणि एक नवा असेल तर त्या नव्याचा परीघ मोठा, म्हणजे तो हळू फिरतो आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) सरळ रस्त्यावरही घासत राहतो. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या वर दिसला तर चारही टायरचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोला, आणि डिफरन्शियलचं तेल काढून त्यात धातूचा चुरा आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या.