लॅटिनची मुळं, मेंढ्यांचा कळप आणि माझे गेलेले अडीच मार्क

एसएससीची (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनची सरकारी नोकरीची परीक्षा) तयारी नुकतीच सुरू केलीय आणि व्होकॅब बघून पोटात गोळा येतो, अशांसाठी लिहितोय. मी साक्री तालुक्यातला, शिक्षण मराठी मीडियम, घरी अहिराणी, इंग्लिशचा संबंध पेपरपुरता. धुळ्याला अभ्यासिका लावली तेव्हा कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर चार हजार शब्दांची पीडीएफ पाठवली, मी तिची झेरॉक्स काढून स्पायरल मारली आणि रोज पन्नास शब्द घोकायला लागलो. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाचे पन्नास स्वतःलाच विचारून बघितले तर अकरा आले. बरं, ते अकरा मला आधीपासूनच येत होते.

आमच्या अभ्यासिकेत एक जिभाऊ होते, आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, दहावीला संस्कृत घेतलेले. माझी स्पायरल चाळून म्हणे, "इतलं पाठ करीसन काय व्हई भो?" मग त्यांनी विचारलं, मार्कशीटवर ॲग्रिगेट लिहिलेलं असतं ते म्हणजे काय. म्हटलं टोटल. आणि सेग्रिगेट? म्हटलं घंटागाडीवाला सांगतो तेच, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. "मग दोघांत सारखं काय आहे?" मी दोन मिनिटं गप्प.

सारखं आहे ते ग्रेग. लॅटिनमध्ये ग्रेक्स म्हणजे कळप. ॲड म्हणजे कडे, म्हणून कळपाकडे आणून एकत्र केलेलं ते ॲग्रिगेट. से म्हणजे बाजूला, म्हणून कळपातून बाजूला काढणं म्हणजे सेग्रिगेट. कॉन म्हणजे सोबत, म्हणून काँग्रिगेट म्हणजे गोळा होणं, सिनॉनिम असेंबल. आणि ज्याला कळपातच करमतं तो ग्रिगेरियस, सिनॉनिम सोशेबल. आमच्या शेतात ठेलारी, म्हणजे आमच्याकडचे मेंढपाळ, मेंढ्या बसवायचे, त्यामुळे कळप मला वेगळा पाठ करावाच लागला नाही, डोळ्यासमोर होताच, एक मेंढी बाजूला काढली की बाकीच्या कशा ओरडतात ते पण माहीत होतं. चार शब्द एका फटक्यात बसले ते अजून गेले नाहीत.

यात आपल्याला एक फायदा आहे जो क्लासमध्ये फारसं कोणी सांगत नाही. लॅटिन आणि संस्कृत एकाच घराण्यातल्या भाषा. विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत हेच सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असणार. म्हणजे निम्मी ओळख आपली आधीच झालेली असते. इग्निस म्हणजे अग्नी, त्यावरून इग्नाइट. दंतचा डेंटिस्ट, मृतचा मॉर्टल, नवचा नॉव्हेल, सदनवाल्या सद् म्हणजे बसणे याचा सेडेंटरी, बैठं काम. माझा सगळ्यात आवडता पेकू, म्हणजे आपला पशू. पूर्वी ज्याच्याकडे जनावरं तोच पैसेवाला, आपण पशुधन म्हणतोच की, म्हणून पेक्युनिअरी म्हणजे पैशासंबंधीचं आणि इम्पेक्युनिअस म्हणजे ज्याच्या दावणीला काहीच नाही तो, पेनिलेस. हा शब्द क्लासमध्ये विचारला तेव्हा मला एकट्याला आला होता, उगाच नाही सांगत.

जुळणी करताना एक लक्षात ठेवा, पुढचा तुकडा वेष बदलतो. इन हा इल, इम, इर होतो (इल्लीगल, इम्पॉसिबल, इर्रेग्युलर) आणि ॲड तर समोर जे अक्षर येईल त्याच्यासारखाच होऊन बसतो. ॲग्रिगेटमध्ये डबल जी का, तर ॲड अधिक ग्रेग. ॲफ्लुएंटमध्ये डबल एफ का, तर ॲड अधिक फ्लू, फ्लू म्हणजे वाहणं, ज्याच्याकडे पैसा वाहत येतो तो ॲफ्लुएंट, म्हणजे वेल्थी. स्पेलिंगचे प्रश्न यात फुकटात सुटतात. त्याच फ्लूचा कॉन्फ्लुअन्स, चांगदेवला तापी-पूर्णा मिळतात तो संगम.

आता माझा पोपट कसा झाला ते. मॉक म्हणजे सराव परीक्षेत इग्रीजिअस आला. स्पेलिंगमध्ये ग्रेग बघितलं आणि मी खुश, ई म्हणजे बाहेर, कळपाबाहेरचा, म्हणजे सगळ्यांत उठून दिसणारा, ऑप्शनमध्ये डिस्टिंग्विश्ड होतंच, मारलं टिक. उत्तर होतं शॉकिंग. बरोबरचे दोन मार्क गेले आणि वर निगेटिव्हचा अर्धा. जिभाऊंना दाखवलं तर ते हसायलाच लागले. माझी फोड बरोबर होती, जुन्या इंग्लिशमध्ये तोच चांगला अर्थ चालायचा पण, पण पुढे शब्द फिरला आणि आता वाईटपणात उठून दिसणारा तो इग्रीजिअस. तेव्हापासून मुळावरून अर्थ काढला तरी तो शब्द वाक्यात एकदा बघितल्याशिवाय वहीत पक्का लिहीत नाही.

फसवणारे अजून आहेत. मॅल म्हणजे वाईट म्हणून मॅलेव्होलंट बरोबर सुटतो, व्होल म्हणजे इच्छा, वाईट इच्छिणारा, स्पाइटफुल. पण मॅलिएबल तसा नाही, तो मॅलिअस म्हणजे हातोडीवरून आलाय, ठोकून आकार देता येतो असा, जळगावच्या सराफाकडचं सोनं आठवा. पेड म्हणजे पाय म्हणून पेडेस्ट्रियन, पण पेडियाट्रिशियनमधला पेड ग्रीक, त्याचा अर्थ मूल. इनफ्लेमेबलमधला इन नकाराचा नाही, तो पदार्थ पेटतोच, टँकरमागे लिहिलेलं असतं ते वाचून बिडी पेटवू नका.

परीक्षेत मी काय करतो तर मूळ नुसतं विचारलेल्या शब्दात नाही, चारही ऑप्शनमध्ये शोधतो. नेमका अर्थ नाही लागला तरी शब्द चांगला की वाईट एवढं तरी कळतं आणि दोन ऑप्शन उडतात. आणि लॅकोनिकसारखा आला, जो स्पार्टावाल्यांच्या लॅकोनिया या मुलखाच्या नावावरून आलाय, कमी बोलणारे लोक म्हणून, तर फोड करत बसायचं नाही, माहीत असेल तर टिक नाहीतर पुढे.

साठ-सत्तर मुळांत माझं बरंच काम झालं. एका मुळाला एक पान, वर मराठी अर्थ, जमलं तर चित्र (माझी मेंढी कुत्र्यासारखी दिसते), आणि पेपर वाचताना त्या घराण्यातला शब्द सापडला की त्या पानावर नेऊन टाकायचा, आज एक, महिन्याने दुसरा. वेगळी वही घेतली नाही. ती स्पायरल एका बाजूनेच छापलेली होती, मागची सगळी पानं कोरी होती, त्यावरच लिहितोय.